एनएडी कमी झालं म्हणून डबा आणायचा का?

नमस्कार मंडळी, सांगलीतनं बोलतोय. दोन महिने कमेंटमध्ये एकच चाललंय, "दादा एनएमएन पावडरचा डबा घेऊ का, वय थांबतंय म्हणे." ही पावडर अंगात गेली की तिचं एनएडी बनतं, म्हणून आज एनएडीवरच बोलू.

बेसिक पटकन. एनएडी हा एक रेणू, पेशीपेशीत असतो, अन्नातली ऊर्जा काढायला लागतो, तुटलेला डीएनए जोडतानाही खर्च होतो. १९०६ ला हार्डन आणि यंग या शास्त्रज्ञांना यीस्टमध्ये त्याचा सुगावा लागला. वय वाढलं की बऱ्याच अवयवांत ते कमी होतं. झालं.

आता घोळ इथं होतो. कमी झालं म्हणजे वरनं ओतलं की काम झालं, असं नाही ओ! कमी का झालं? सीडी३८ नावाचं एन्झाईम एनएडी फस्त करतं आणि म्हाताऱ्या उंदरांत ते वाढलेलं सापडलंय. बागेत ड्रीपची नळी फुटलीय आणि तुम्ही मोटर मोठी बसवताय. बरं, रक्तात वाढलं, रिपोर्टवर आकडा चढला, मान्य, पण मेंदूत किती पोचलं हे त्या आकड्यातनं कळत नाही. आणि २०२१ ची ट्रायल घ्या, पाळी गेलेल्या, वजन जास्त, शुगर बॉर्डरवर अशा २५ बायका, रोज २५० मिलिग्रॅम एनएमएन किंवा नुसती खोटी गोळी, १० आठवडे. एनएमएनवाल्यांचे स्नायू इन्सुलिनला जास्त दाद द्यायला लागले, हे भारीच आहे, पण शुगर आणि बीपी होतं तिथंच. वय कमी झालं असं त्यात कुठंच नाही.

तासगावच्या एका ताईंनी विचारलंय, जेवणातनं मिळतं का? मिळतं ना, नायसिन या ब जीवनसत्त्वापासनं अंगात एनएडी बनतं. पूर्वी दख्खनमध्ये नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या कमतरतेचा आजार व्हायचा, कातडी काळी पडून सोलायची, हैदराबादेत डॉ. गोपालन यांनी त्यावर काम केलं. म्हणून शाळूच्या भाकरीवर शेंगदाण्याची चटणी घ्याच, १०० ग्रॅम दाण्यात साधारण १२ मिलिग्रॅम नायसिन असतं.

हे एवढं तळमळीनं सांगतोय कारण विट्याच्या माझ्या आत्यानं हळदीच्या पट्टीचे पैसे आले तसा असला डबा मागवला आणि शुगरची गोळी बंद केली, का तर "आता पेशीच तरुण होणार की रे." तीन आठवड्यांनी शुगर तीनशेच्या वर. डब्यावरनं मी तिला काही बोललो नाही, आधी डॉक्टरांकडं नेऊन गोळी चालू केली.

तुमच्याही घरी डबा आला असेल तर आजच विचारा, जुनी गोळी चालू आहे ना?