वाकळीचं दुसरं टोक

श्रोतेहो, नमस्कार.

ओली वाकळ कधी पिळलीय का तुम्ही? जुनी लुगडी, धोतरं एकावर एक घालून शिवलेली आपली वाकळ. कोरडी असली की लहान पोरसुद्धा खांद्यावर टाकून नेतं. भिजली की मात्र एकट्या बाईला उचलत नाही. पिळायला तर दोघं लागतातच. एकानं एक टोक धरायचं, दुसऱ्यानं दुसरं, आणि उलट-सुलट पीळ घालायचा.

2021 च्या जुलैमधला पूर ओसरल्यावर आमच्या चर्चच्या मंडळीतल्या आम्ही पाच-सहा बायका शिरोळ तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. 2019 चा महापूर लोक विसरले नव्हते, तोवर हा दुसरा. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटाला धोका पातळी म्हणतात, हे आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्या वर्षी पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं होतं. गावात शिरलो तर सगळीकडं कुजलेल्या धान्याचा वास, आणि प्रत्येक भिंतीवर पाणी कुठवर आलं त्याची काळी रेघ.

एका घरासमोर साठीतली एक बाई चिखलातून सामान काढत होती. गाद्या, पुस्तकं, भिजून फुगलेली ज्वारी, सगळं उकिरड्याकडं चाललं होतं. एक वाकळ तेवढी तिनं बाजूला ठेवली होती. मी जवळ गेले आणि तोंडात आलं ते बोलले, "काळजी करू नका, देव आहे, सगळं ठीक होईल." तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नव्हे, थकून. म्हणाली, "आक्का, तुमी हे टोक धरा."

मी धरलं. पहिल्या पिळाला नुसता चिखल गळला. दुसऱ्या पिळाला गढूळ पाणी. तिसऱ्यांदा पीळ घालताना ती खाली बघतच म्हणाली, "ह्यांच्या धोतराची हाय." नवरा त्याच वर्षी एप्रिलमध्ये कोरोनानं गेला होता. दवाखान्यातनं देह घरी आला नाही. रक्षाविसर्जनाला चार माणसं. दारात कुणी बसायला आलं नाही, येऊ शकत नव्हतं. तीन महिने ही बाई ते दुःख एकटीच उचलत होती, आणि त्यावर पूर.

आम्ही ती वाकळ पाच-सहा वेळा पिळली. मी पुढं काही बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतंच.

श्रोतेहो, मी ख्रिस्ती आहे, आणि पस्तीस वर्षं नर्स म्हणून काम केलं. दुःखातल्या माणसाशी काय बोलावं हे मला यायला हवं होतं. पण माझी पहिली चूक याच्याही पुष्कळ आधीची. नोकरीच्या सुरुवातीला एका दवाखान्यात एका आईचं तीन वर्षांचं लेकरू गेलं. मी तिला म्हटलं, "देवाला चांगली माणसं लागतात." ती म्हणाली, "मग तुमच्या देवाला माझंच का लागलं?" त्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. आता एवढं कळतं, की ते वाक्य मी तिच्यासाठी बोललेच नव्हते. तिचं रडणं मला सोसेना, म्हणून मी बोलले होते.

पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, ईयोबाची गोष्ट आहे. गुरंढोरं गेली, मुलं गेली, अंगभर फोड आले. त्याचे तीन मित्र लांबून आले आणि त्याच्याजवळ जमिनीवर बसले. सात दिवस, सात रात्री. एक शब्द बोलले नाहीत, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसत होतं. मग ते बोलू लागले. तू काहीतरी पाप केलं असशील, म्हणून हे झालं, असं समजावू लागले. शेवटी देवाचा कोप होतो तो या समजावणाऱ्यांवर. ओरडून ओरडून देवाला जाब विचारणारा ईयोब बरोबर बोलला, असं देव म्हणतो. मी कित्येकदा विचार केला, हे मित्र आठव्या दिवशी गप्प उठून ईयोबाला पाणी तापवून देते तर किती बरं झालं असतं!

विश्वास असला म्हणजे रडायचं नाही, असं आमच्यातही काही जणांना वाटतं. मला ते मुळीच पटत नाही. बायबलातल्या स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत, त्यातलं 88 वं काढून वाचा. सुरुवातीपासून तक्रार, आणि शेवट होतो तो अंधारावरच. गोड शेवट जोडलेला नाही. तरी ती प्रार्थनाच आहे, कारण तो माणूस ओरडतोय देवाकडंच तोंड करून. खुद्द येशूनं वधस्तंभावरून विचारलं, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? त्यानं विचारलं तर तुम्हाआम्हालाही विचारता येतं.

मग आशा कशाला म्हणायचं? येशू तिसऱ्या दिवशी उठला, हा आमचा विश्वास. पण उठून तो शिष्यांसमोर आला तेव्हा त्याच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा होत्या, कुशीत भाल्याची जखम होती. थोमा नावाच्या शिष्याला त्यानं त्याच दाखवल्या. मरणावर मात केली, पण जखमा पुसून टाकल्या नाहीत. त्या बाईला "विसरा आता" म्हणणारी आशा मी देऊ शकत नाही, कारण माझ्या प्रभूचीच आशा तशी नाही. तिचा धनी देवाच्या हातातून निसटलेला नाही आणि तीही नाही, एवढं मात्र मी मनापासून मानते.

आपल्या भागाला हे असं दुःखात जवळ येऊन बसणं नवं नाही. 1852 मध्ये अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले. मिरजेत 1894 मध्ये मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी रुग्णालय सुरू केलं. पुढं सांगली-मिरजेच्या मधे, वानलेसवाडीला, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झालं. क्षयावरचं पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं 1943 मध्ये. त्याआधी क्षयाच्या रोग्याला काय देता येत होतं? मोकळी हवा, दूध-अंडी, विश्रांती, आणि घरचेही भीत होते तेव्हा खाटेजवळ येणारं माणूस. नर्सिंग शिकताना मला वाटायचं, औषध नव्हतं म्हणजे त्यांच्या हातात काहीच नव्हतं. आता तसं वाटत नाही.

एक गोष्ट मोकळेपणानं सांगते. पूरग्रस्ताच्या दारात एका हातात तांदळाची पिशवी आणि दुसऱ्या हातात धर्म घेऊन उभं राहू नये. "तुमच्यासाठी प्रार्थना करू का?" असं विचारावं, आणि नको म्हटलं तर नको. तांदूळ तसाच द्यावा.

पुष्कळ जण म्हणतात, काय बोलावं कळत नाही, म्हणून जात नाही. अहो, बोलायला कुणी सांगितलंय? कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या आवारात जाऊन बघा. गगनबावड्याहून, चंदगडाहून आलेली माणसं पेशंटपाशी रात्र-रात्र बसून असतात. "मी बसते अर्धा तास, तुम्ही तोंड धुऊन चहा पिऊन या," एवढं म्हटलं तरी त्यांचे डोळे भरून येतात. आणि मयताच्या घरी पहिल्या दिवशी गर्दीत जमलं नाही तर राहू द्या, महिन्यानं जा. कार्य उरकलेलं असतं, पाव्हणे गेलेले असतात, फोन थांबलेले असतात. तेव्हा त्या घरी संध्याकाळ फार लांब होते.

वधस्तंभ वाहताना येशूची ताकद संपली, तेव्हा रानातनं येणाऱ्या कुरेनेकर शिमोनाला शिपायांनी वेठीस धरलं. तो काही बोलल्याचं कुठं लिहिलेलं नाही. त्यानं ओझं उचललं आणि चालला. त्या वाटेवर देवाच्या पुत्रालाही माणसाचा खांदा लागला, हे मला दर वेळी नव्यानं हलवून जातं.

त्या बाईचा नंबर मी तेव्हाच घेतला होता. पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की मी तिला फोन करायची. वाकळ अजून आहे, थंडीत तीच अंगावर घेते म्हणाली. गेल्या पावसाळ्यात मी आजारी होते, चार-पाच दिवस कुणाशी बोलले नव्हते. संध्याकाळी फोन वाजला.

"आक्का, लई दिस झालं, आवाज न्हाई तुमचा. जेवलासा का?"