हृदयाचा एमआरआय आणि सॉफ्टवेअरने काढलेला आकडा

हृदयाच्या एमआरआय अहवालात रुग्णाचे आणि नातेवाइकांचे लक्ष सर्वांत आधी जाते ते 'ईएफ' म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शनकडे: डाव्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती टक्के बाहेर फेकले गेले, हे सांगणारा तो आकडा. पूर्वी त्यासाठी डॉक्टर प्रत्येक चित्रावर कप्प्याभोवती हाताने रेषा काढत असत आणि त्यात बराच वेळ जाई. आज सॉफ्टवेअर तेच काम काही क्षणांत करते. मला ही सोय हवीच आहे, परंतु आकड्यावर कितपत विसंबावे हे त्या रेषा पाहिल्याशिवाय ठरत नाही, हे मला आज इंदूरकरांसमोर सांगायचे आहे.

एमआरआयमध्ये हृदयाचे आडवे काप घेतात. काप बहुधा ८ मिलिमीटर जाडीचा आणि दोन कापांमध्ये २ मिलिमीटर अंतर, म्हणजे एका कापाच्या वाट्याला १ सेंटिमीटर उंची येते. खरी अडचण सर्वांत वरच्या कापात असते. हृदय आकुंचन पावताना झडपेचा पडदा हृदयाच्या खालच्या टोकाकडे सरकतो, त्यामुळे प्रसरणाच्या वेळी ज्या कापात खालचा कप्पा दिसत होता, त्याच कापात आकुंचनाच्या वेळी वरचा कप्पा येऊन बसतो. दोन्ही गोल, दोन्ही रक्ताने उजळलेले. मी एका अहवालात सॉफ्टवेअरची रेषा अशी वरच्या कप्प्याभोवती अगदी नेटकी बसलेली पाहिली आहे. तिच्या सुबकपणामुळेच ती कोणाला खटकली नव्हती.

याचा परिणाम मोजून पाहू. समजा, भरलेला कप्पा १५० मिलिलिटर आणि आकुंचनानंतर उरलेले रक्त १०२ मिलिलिटर; ईएफ ३२ टक्के. त्या १०२ मध्ये १२ चौरस सेंटिमीटरचा एक काप चुकून धरला गेला असेल, तर १२ मिलिलिटर वजा करून ९० उरतात आणि ईएफ ४० टक्के होते. औषधे चालू असूनही ईएफ ३५ टक्के किंवा त्याहून कमी राहिली, तर छातीत डिफिब्रिलेटर, म्हणजे ठोके धोकादायकरीत्या बिघडल्यास विजेचा झटका देणारे यंत्र, बसवण्याचा विचार होतो. एक काप हा निर्णय फिरवू शकतो.

सॉफ्टवेअरचे उत्पादक मात्र सहसा तज्ज्ञांच्या आकड्यांशी असलेला सहसंबंध दाखवतात, म्हणजे दोन्ही आकडे सोबतीने किती वाढतात-घटतात ते. सॉफ्टवेअर प्रत्येक वेळी १० टक्क्यांनी कमी मोजत असले तरी सहसंबंध पूर्ण येईल. ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हेच दाखवून दिले की दोन मापनपद्धती जुळतात की नाही, हे प्रत्येक रुग्णातील फरक पाहूनच कळते. एकात आठ जास्त आणि दुसऱ्यात आठ कमी, तर सरासरी फरक शून्य. आपल्या सराफ्यात दागिना घेऊन गेलेल्या माणसाला काट्याची सरासरी चूक शून्य आहे असे सांगून भागत नाही. त्याला स्वतःच्या दागिन्याचे वजन हवे असते.

कप्प्यातील स्नायूंचे खांब रक्तात धरायचे की वगळायचे, हाही संकेताचा, म्हणजे ठरवून घेतलेल्या पद्धतीचा, प्रश्न आहे. ते वगळले की ईएफ थोडी वाढते. म्हणून 'मागच्या खेपेला ३८ होती, आता ३३ कशी?' असे कोणी काळजीने विचारले, तर मी आधी दोन्ही तपासण्या शेजारी शेजारी उघडतो, दोन्ही वेळी एकच सॉफ्टवेअर आणि एकच संकेत होता का ते पाहतो, सर्वांत वरचा काप पुन्हा पुन्हा चालवून बघतो, आणि मगच उत्तर देतो.