नमुने आणायचे तर आयन इंजिनच का?

लघुग्रहावरून माती आणायची, तर परतीचं इंधनही जातानाच सोबत न्यावं लागतं. ते ओझं किती? हिशेब करू.

समजा यान 500 किलोचं आहे आणि त्याचा वेग एकूण सेकंदाला 2 किलोमीटरने बदलायचाय. रासायनिक इंजिनातून वायू सेकंदाला साधारण 3 किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. त्यात 240 किलोहून जास्त इंधन जाईल, म्हणजे जवळजवळ अर्धं यान! आयन इंजिन झेनॉन वायूचे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले अणू, सेकंदाला 30 किलोमीटरने फेकतं. तेच काम 32 किलोत होतं.

मग अडतं कुठे? जोरावर. इतोकावा या लघुग्रहावरून नमुने आणायला गेलेल्या जपानच्या हायाबुसा यानाचं एक इंजिन जेमतेम 8 मिलिन्यूटन जोर द्यायचं. एक ग्रॅमहूनही हलकी वस्तू तळहातावर ठेवा, तेवढाच भार. तीन इंजिनं एकदम लावली तरी दिवसभरात वेग वाढतो सेकंदाला 4 मीटरने. म्हणजे 2 किलोमीटरसाठी सोळा महिने, तेही न थांबता. त्यात सूर्यापासून पृथ्वीच्या दुप्पट अंतरावर गेलं, की इंजिनांना वीज देणाऱ्या सौर पॅनेलवर पडणारा प्रकाश पावपट उरतो. इंजिनं बंद करत जावं लागतं.

या इंजिनांवर उतरताही येत नाही. इतोकावा लघुग्रहाचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक लाखांश. तरीही तिथे यानाचं वजन 50 मिलिन्यूटनच्या आसपास भरतं, तिन्ही इंजिनांच्या जोराच्या दुप्पट. त्यामुळे रासायनिक थ्रस्टर, म्हणजे रासायनिक इंधनावर चालणारी छोटी इंजिनं, सोबत लागतातच.

आता सगळ्यात नाजूक भाग, न्यूट्रलायझर, म्हणजे इलेक्ट्रॉन बाहेर सोडणारा भाग. इंजिन धन आयन फेकतं. तेवढेच इलेक्ट्रॉन बाहेर सोडले नाहीत, तर यानावर ऋण भार साचतो आणि आयन मागे खेचले जातात. जोर मिळतच नाही. नोव्हेंबर 2009 मध्ये, परतीच्या वाटेवर, हायाबुसाच्या ए, बी, सी, डी इंजिनांपैकी डी इंजिन न्यूट्रलायझर बिघडून थांबलं. तेव्हा ए इंजिनाचा न्यूट्रलायझर आणि बी इंजिनाचा आयन स्रोत जोडून एक इंजिन चालवलं गेलं. दोन्ही इंजिनांच्या विद्युत मंडलांना जोडणारा एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) उड्डाणाआधीच बसवलेला होता, म्हणून हे जमलं. इवलासा भाग, पण मला तो अख्ख्या यानातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

याची किंमत मात्र झेनॉनमध्ये मोजावी लागली: जोर एका इंजिनाचा, खर्च दोघांचा. त्याआधी 2005 मध्ये थ्रस्टरचं इंधन गळून गेल्यावर यान वळवायलाही हेच झेनॉन थंड वायू म्हणून सोडलं होतं. त्यामुळे टाकी भरताना नुसता मार्गाचा हिशेब धरून चालत नाही, अशा दुरुस्त्यांसाठीही झेनॉन ठेवावं लागतं. ते शिल्लक होतं, म्हणून 13 जून 2010 ला नमुन्यांची कुपी ऑस्ट्रेलियात वूमेराला उतरली.