हेलकावे खाणारं इंजिन

आत्ता बाहेर मोकळ्यावर आपण हे गवत कापायचं मशीन चालू केलं, तेव्हाचा आवाज आठवा. चढत जायचा, एकदम पडायचा, बंद पडणार असं वाटेपर्यंत पुन्हा चढायचा. हा आवाज ऐकला की बहुतेकांचा हात आधी जातो तो गव्हर्नरच्या स्प्रिंगकडे, नाहीतर कार्बोरेटरच्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, स्क्रूकडे. या दोन्हींना लगेच हात लावू नका, एवढ्यासाठी मी आज उभा आहे. कारण त्यानंतर मूळ बिघाड तसाच राहतो आणि त्यात आपण केलेल्या बिघाडाची भर पडते.

गव्हर्नरचं काम समजून घेऊ. गवत दाट आलं की पात्यावर भार येतो, वेग उतरतो. गव्हर्नर थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या मिश्रणाच्या वाटेतली झडप, उघडतो आणि वेग पुन्हा जागेवर आणतो. अशा इंजिनांचा वेग साधारण मिनिटाला ३००० ते ३६०० फेऱ्यांच्या आसपास बांधलेला असतो. आता समजा, पेट्रोल कमी येतंय. ताकद कमी पडते, वेग उतरतो. गव्हर्नर थ्रॉटल उघडतो. हवा जोरात आत शिरते, सोबत थोडं जास्त पेट्रोल ओढते आणि इंजिन उसळतं. वेग जास्त झाला म्हणून गव्हर्नर थ्रॉटल मिटतो, की इंजिन पुन्हा उपाशी. हेच चक्र आपल्याला ऐकू येतं. गव्हर्नर आपलं काम चोख करतोय, इंजिनाच्या पोटात पेट्रोल नाही. अशा वेळी स्प्रिंग ताणली तर वेग मर्यादेबाहेर जाऊ शकतो, आणि खाली पातं फिरतंय हे विसरून चालणार नाही.

मग उपाशी आहे हे ओळखायचं कसं? फार सोपं आहे. इंजिन हेलकावे खात असताना चोक, म्हणजे हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी झडप, हळूहळू अर्धा लावा. आवाज एकसारखा झाला, तर समजा मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त आहे. चोक लावल्यावर काळा धूर आला आणि इंजिन आणखी अडखळलं, तर पेट्रोल आधीच जास्त होतं. तेव्हा एअर फिल्टर काढून बघा. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, दोन थेंब ऑइल लावून पिळा. कागदाचा असेल तर त्याला ऑइल लावायचं नाही. चोंदला असेल तर नवा घाला.

आपलं मशीन चोक लावल्यावर शांत झालं, म्हणजे ते पहिल्या प्रकारातलं. त्याला पेट्रोल कुठे अडतंय ते शोधायचं.

आधी टाकीचं झाकण. त्यात हवा आत यायला बारीक वाट असते. ती बुजली की पेट्रोल खाली उतरतं तसतसा टाकीत हवेचा दाब कमी होत जातो आणि शेवटी पेट्रोल यायचं थांबतं. मशीन काही वेळ छान चालतं आणि मग दम तोडतं. झाकण सैल केल्यावर पुन्हा चालू झालं, तर कार्बोरेटर उघडायची गरजच नाही.

नंतर पेट्रोल. मागच्या मोसमातलं उरलेलं पेट्रोल वापरण्याचा मोह होतो, पण त्यातला हलका, चटकन पेटणारा भाग उडून गेलेला असतो आणि मागे चिकट राळ उरते. इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते ओलावाही धरून ठेवतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे ते फ्लोटच्या वाटीत, म्हणजे कार्बोरेटरखाली पेट्रोल साठतं त्या छोट्या भांड्यात, तळाला बसतं, आणि जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा भाग, पेट्रोल घेतो तो तिथूनच. जेटचं भोक एक मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. तिथे राळेचा नुसता थर बसला तरी पुरे.

पुष्कळ कार्बोरेटरमध्ये वाटी धरून ठेवणारा बोल्ट हाच जेट असतो. त्याची आडवी भोकं लोक पुसतात आणि उभं भोक विसरतात. क्लीनर मारा, हवा मारा, मग उजेडाकडे धरून आरपार बघा. सुई किंवा पोलादी तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक कायमचं मोठं होतं. वायरमधला तांब्याचा एक केस पुरतो.

जेट साफ करूनही हेलकावे राहिले, तर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या मधलं गॅस्केट, म्हणजे सांधा बंद ठेवणारा पातळ थर, बघा. फाटलं असेल किंवा बोल्ट सैल असतील, तर इंजिन तिथून फुकटची हवा घेतं. गरम इंजिनवर पेट घेणारा स्प्रे मारून गळती शोधणारे आहेत. मी ते करत नाही, आणि करायला सांगणारही नाही, कारण तापलेला सायलेन्सर शेजारीच असतो.

ठिणगी पाडणाऱ्या प्लगचं थोडक्यात सांगतो. फिकट तपकिरी टोक चांगलं, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओलं तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय. मशीन आडवं करताना एअर फिल्टरची बाजू वर ठेवली नाही, तर ऑइल फिल्टरमध्ये जातं आणि नंतर पांढरा-निळा धूर येतो.

एका दुखण्यासाठी मात्र मी तीन दिवस घालवले. माझ्या मशीनचं पातं झाडाच्या मुळावर आपटलं. त्यानंतर ते नीट चालू होईना, दोरी हाताला झटका देऊन मागे खेचायची, ताकद निम्मी. दोनदा कार्बोरेटर उघडला, नवा प्लग घातला. शेवटी फ्लायव्हीलचा, म्हणजे इंजिनाच्या शाफ्टवरच्या जड चाकाचा, नट काढला, तर आतली छोटी चावी अर्धवट कातरलेली. ही चावी फ्लायव्हीलला शाफ्टवर नेमक्या जागी धरून ठेवते. फ्लायव्हील किंचित सरकलं की त्यातलं चुंबक ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइलसमोरून चुकीच्या क्षणी जातं आणि ठिणगी अवेळी पडते. तेव्हापासून दुरुस्तीला आलेल्या मशीनबद्दल मी आधी विचारतो, ‘पातं कशावर आपटलं होतं का?’

आता या मशीनकडे वळू. प्लगची वायर मी काढून बाजूला बांधली आहे, पेट्रोलचा नळ बंद केलाय. पुढच्या रांगेतल्यांनी जवळ या, वाटी सोडतो. काचेच्या भांड्यात आलेलं पेट्रोल हलवू नका, तळाशी पाण्याचा थेंब दिसतोय का बघा.