नाव वाचा, रेणू काढा

[दृश्य: बेळगाव जिल्ह्यातला चिकोडी तालुका, गळीत हंगाम. उसानं भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग.]

गळीत हंगामात चिकोडी, रायबाग, अथणी या पट्ट्यातून गाडी काढली की पुढंही उसाचा ट्रॅक्टर आणि मागंही उसाचा ट्रॅक्टर. कारखान्यात रस निघतो, रसाची साखर होते आणि जी साखर काही केल्या दाणा धरत नाही, ती मळीत उरते. ही मळी यीस्टच्या हवाली केली की इथेनॉल तयार होतं. पेट्रोलमध्ये मिसळतात ते हेच.

डिस्टिलरीत इथेनॉलबरोबर आणखी एक द्रव निघतो, फ्युजेल ऑइल. वास उग्र, घशात बसणारा. इथेनॉल 78 अंश सेल्सिअसला उकळतं, तर या तेलकट द्रवातला मुख्य घटक 131 अंशांच्या आसपास. म्हणून ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्यातून तो मधेच वेगळा काढून घेतात. त्या घटकाचं नाव आहे 3-मिथाइलब्युटेन-1-ऑल.

[दृश्य: काळा फळा. खडूनं एकेक कार्बन काढला जातो.]

नाव ऐकून दचकू नका. शेवटाकडून वाचायला लागा. 'ऑल' म्हणजे अल्कोहोल. कुठल्या तरी कार्बनला ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी लागलेली आहे. कुठल्या? पहिल्या, कारण 'ऑल'च्या अलीकडं 1 आहे. 'ब्युट' म्हणजे मुख्य शृंखलेत चार कार्बन. त्यापुढचं 'एन' सांगतं की कार्बन-कार्बनमधले सगळे बंध एकेरी आहेत. आता राहिलं सुरुवातीचं 3-मिथाइल. तिसऱ्या कार्बनला एका कार्बनची फांदी फुटलेली आहे. झालं. चार आणि एक, पाच कार्बन. उरलेल्या जागी हायड्रोजन भरा. रेणू फळ्यावर उभा राहिला आणि पुस्तक उघडावं लागलं नाही.

मोजायला दुसऱ्या टोकानं सुरुवात केली असती, तर नाव आलं असतं 2-मिथाइलब्युटेन-4-ऑल. रेणू तोच, पण हे नाव चूक. मान क्रियात्मक गटाचा, म्हणजे रेणूचा स्वभाव ठरवणाऱ्या अणूंच्या गटाचा (इथं ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी), फांदीचा नाही. शृंखलेला आकडे देताना त्या गटाला लहानात लहान आकडा मिळेल अशा टोकाकडून सुरुवात करायची. फांदीच्या वाट्याला मग जो आकडा येईल तो.

फ्युजेल ऑइलमध्ये याचा एक भाऊही असतो, 2-मिथाइलब्युटेन-1-ऑल. अणू तेवढेच, रेणुसूत्र तेच. फक्त फांदी एक घर अलीकडं. हा 128 अंशांच्या सुमाराला उकळतो, म्हणजे दोघांत जेमतेम तीन अंशांचं अंतर. जुन्या काळी या दोघांच्या मिश्रणाला मिळून 'अमाइल अल्कोहोल' म्हणत. त्यात दोन वेगळे पदार्थ आहेत हे लुई पाश्चर यांनी 1855 मध्ये दाखवून दिलं. जुन्या नावात ही दोन माणसं एकाच रेशनकार्डावर होती. नव्या पद्धतीनं त्यांना वेगळं केलं, तेही एका आकड्यानं.

[दृश्य: लाल मुंग्यांची रांग, दह्याचं मडकं, चिंचेचा गोळा, गोठ्यातली शेळी.]

पूर्वी पदार्थ जिथं सापडला, तिथलं नाव त्याला चिकटायचं. मुंगीतून मिळालं ते फॉर्मिक आम्ल. व्हिनेगरमधलं ॲसेटिक. लोण्यातलं ब्युटिरिक. शेळीच्या दुधातल्या तीन आम्लांना कॅप्रोइक, कॅप्रिलिक आणि कॅप्रिक अशी नावं पडली, तिन्ही लॅटिनमधल्या शेळीवरून. ही नावं गोड आहेत, पण त्यांतून रेणूचा आकार कळत नाही. आणि कार्बन वाढत जातात तसा गोंधळ वाढत जातो. अल्केन म्हणजे एकेरी बंधांनी जोडलेले नुसते कार्बन आणि हायड्रोजन. दहा कार्बनच्या साध्या अल्केनच्या 75 वेगवेगळ्या रचना होतात. वीस कार्बनच्या 3,66,319. इतक्या मुंग्या आणि शेळ्या आणायच्या कुठून?

1892 साली जिनिव्हात नऊ युरोपीय देशांतले 34 रसायनशास्त्रज्ञ एकत्र बसले. अध्यक्ष होते फ्रान्सचे शार्ल फ्रीडेल. शृंखला आधार धरायची आणि शेवटच्या प्रत्ययातून क्रियात्मक गट सांगायचा, ही शिस्त तिथं ठरली. 1919 मध्ये आययूपॅक ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि नियमांची देखभाल तिच्याकडं आली. नियम अजूनही सुधारत असतात. 2013 च्या शिफारशींनी तर ॲसेटिक आम्ल हे जुनं नाव पसंतीचं म्हणून कायम ठेवलं. वर्गात शिकवतात ते इथेनॉइक आम्ल चूक नाही, पण जुनं नाव हद्दपारही झालेलं नाही. दह्यातलं लॅक्टिक आम्ल म्हणजे 2-हायड्रॉक्सीप्रोपेनॉइक, चिंचेतलं टार्टारिक म्हणजे 2,3-डायहायड्रॉक्सीब्युटेनडायओइक. 'डाय' म्हणजे दोन, 'हायड्रॉक्सी' म्हणजे तीच ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी आणि 'ओइक' म्हणजे आम्लाचा गट. वाचून बघा, दोन्ही सुटतात.

[दृश्य: निपाणी. तंबाखूची वखार. बायका पाला निवडताहेत, तोंडाला पदर.]

निपाणीच्या वखारीत शिरल्याबरोबर नाकाला झोंबतं. हा विडीच्या तंबाखूचा गाव. कित्येक घरांची चूल या पाल्यावर आणि विडीवर पेटली आहे. त्या पाल्यातलं निकोटिन 1828 मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला पॉसेल्ट आणि राइमान यांनी शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. नाव मात्र फ्रेंच राजदूत झां निको यांच्यावरून पडलं. एका माणसाचं नाव रेणूबद्दल काय सांगणार? पद्धतशीर नाव ऐका: 3-(1-मिथाइलपायरोलिडिन-2-इल)पायरिडीन.

याचाही शेवट आधी. पायरिडीन म्हणजे सहा अणूंचं कडं, पाच कार्बन आणि एक नायट्रोजन. आकडे नायट्रोजनपासून मोजायचे. तिसऱ्या जागेवर काहीतरी लटकलेलं आहे. काय ते कंसात आहे: पायरोलिडिन, पाच अणूंचं दुसरं कडं, त्यातही एक नायट्रोजन. हे कडं आपल्या दुसऱ्या कार्बननं पहिल्या कड्याला धरून आहे आणि त्याच्या नायट्रोजनवर एक मिथाइल बसलेला आहे. कंस नीट लावला नाही, तर मिथाइल कुणाचा हेच कळणार नाही. त्या दुसऱ्या कार्बनला चार वेगवेगळे गट जोडलेले असल्यानं या रेणूची आरशातली जोडीही असू शकते. तंबाखूच्या पानात जवळजवळ सगळं निकोटिन एकाच बाजूचं असतं, म्हणून नावाच्या त्या भागात एक 'एस' लिहितात. ओल्या पाल्याची तोडणी करणाऱ्यांच्या कातडीतून अंगात शिरून मळमळ आणि चक्कर आणतो तो हाच रेणू.

[दृश्य: संध्याकाळची शिकवणी. पीयूसी पहिल्या वर्षाची, म्हणजे अकरावीची मुलं.]

या भागात मराठी माध्यमातून एसएसएलसी, म्हणजे दहावी झालेली मुलं पीयूसी सायन्सला येतात आणि एका जूनमध्ये सगळं इंग्रजी होतं. मग कुणीतरी सांगतं, नावं पाठ करा. माझ्या मते याहून वाईट सल्ला नाही. पाठ करायचे ते मोजके तुकडे. एक ते चार कार्बनसाठी मेथ, एथ, प्रोप, ब्युट ही चार. पुढं पेंट, हेक्स, हेप्ट, ऑक्ट, नॉन, डेक हे तर आकडेच आहेत. बाकी सगळं मोजणं आणि जोडणं.

खरी अडचण भलत्याच ठिकाणी येते. सरांनी फळ्यावर दोन कार्बन काढले, एकाला ब्रोमीन, दुसऱ्याला क्लोरीन. पहिल्या बाकावरच्या मुलीनं नाव सांगितलं: 1-क्लोरो-2-ब्रोमोइथेन.

"ब्रोमो आधी, बाळ."

"क आधी येतंय की सर, ब नंतर!"

तिचं गणित बरोबर होतं, पण आपल्या बाराखडीनं. फांद्यांचा क्रम रोमन अक्षरांनी लागतो. तिथं बी आधी, मग सी. दोन्ही टोकांनी आकडे सारखेच येत असतील, तर नावात आधी येणाऱ्याला लहान आकडा. म्हणून 1-ब्रोमो-2-क्लोरोइथेन. मराठीतून विचार करणाऱ्या मुलाला हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं, कारण इंग्रजीतल्या पुस्तकाला ते सांगायची गरजच वाटत नाही.

[दृश्य: कोरी वही, पेन्सिल.]

आता व्हिडिओ थांबवा. पाच कार्बन, बारा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. एवढ्यातून जितकी अल्कोहोलं काढता येतील तितकी काढा. पैकी दोन तर आपण डिस्टिलरीत पाहिलीच. आरशातल्या जोड्या वेगळ्या धरू नका. एकूण आठ निघायला हवीत. नऊ निघाली, तर चित्रं बघत बसू नका. प्रत्येकाला नियमानं नाव द्या. दोन नावं सारखी येतील. तिथं तुम्ही एकच रेणू वळवून दोनदा काढलेला आहे.