वेणीचं टोक

(दृश्य: फ्रीजचं दार, अगदी जवळून.)

या मॉर्मन घरातली सगळी बातमी इथे लागते. दंतवैद्याकडे जायची तारीख, धाकटीच्या फुटबॉलचं वेळापत्रक, आणि ब्राझीलचा नकाशा. नकाशात एका गावाभोवती लाल पेनाने गोल काढलाय. त्या गोलात घरातला एकोणीस वर्षांचा मुलगा आहे, मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला गेलेला. शेजारच्या फोटोत तो पांढरा शर्ट आणि टाय घालून उभा आहे, खिशावर काळी पाटी: 'एल्डर' आणि पुढे आडनाव. एल्डर म्हणजे वडीलधारा. मिसरूड अजून धड फुटलेलं नाही, पण पदवी मिळालीय.

हे गाव ओरेम, अमेरिकेतल्या युटा राज्यातलं. सॉल्ट लेक सिटी इथून गाडीने तासाभरावर. २४ जुलै १८४७ रोजी मॉर्मनांचे पुढारी ब्रिगहॅम यंग आपल्या माणसांना घेऊन तिथल्या खोऱ्यात उतरले. पंथ मात्र जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये तिकडे न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलेला. आज जगभरात त्याचे पावणेदोन कोटींच्या आसपास सभासद आहेत.

लोक त्यांना मॉर्मन म्हणतात. २०१८ मध्ये चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी सांगितलं की हे टोपणनाव आता पुरे, पूर्ण नाव घ्या: 'द चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. नेल्सन पेशाने हृदयाचे शल्यविशारद. २०२५ मध्ये, वयाच्या १०१ व्या वर्षी ते गेले. त्यांचं म्हणणं घरात सगळ्यांनी मानलं, आजी सोडून. एवढं लांब नाव घ्यायला आपल्याला दम पुरत नाही, असं त्यांचं म्हणणं. आम्हीही आजींच्याच बाजूचे. एरवी तुम्हाला कळलं नसतं कुणाबद्दल बोलतोय ते.

(दृश्य: ओट्यावर दालचिनीच्या रोलचा ट्रे. मागे टीव्ही चालू.)

एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये सॉल्ट लेकमधलं चर्चचं अधिवेशन टीव्हीवर लागतं, आणि बऱ्याच घरांत त्या सकाळी दालचिनीचे रोल होतात. मुलांना भाषणांपेक्षा रोल जास्त लक्षात राहतात, हे कुठल्याही धर्मात चालायचंच. पण आई कान देऊन ऐकते. कारण तिथे एक वाक्य बोललं जातं आणि इथे जेवणाची वेळ बदलते. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये असंच झालं. रविवारची तीन तासांची उपासना पुढच्या जानेवारीपासून दोन तासांवर आली. उरलेला अभ्यास घरी, कुटुंबाने मिळून करायचा. 'घरी मिळून' म्हणजे शेवटी कुणी, हे आईला लगेच कळलं.

कपाटात मोठ्या मुलाचा स्काउटचा गणवेश आहे. १९१३ पासून चर्च आणि बॉय स्काउट्स यांची जोडी होती. २०१९ संपलं तशी तीही संपली. गणवेशावरचे बिल्ले बाबांनी काढून ठेवलेले नाहीत. टाकूनही दिलेले नाहीत.

महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास. आपलं 'एकादशी अन् दुप्पट खाशी' इथे चालत नाही: साबुदाणा नाही, वरी नाही, पाणीसुद्धा नाही. दोन जेवणं सोडायची आणि त्यांचे पैसे गरजूंसाठी बिशपकडे, म्हणजे वस्तीतल्या चर्चच्या प्रमुखाकडे, द्यायचे. या वस्तीचा बिशप आठवडाभर लोकांचे दात तपासतो; चर्चचं काम बिनपगारी. कमाईचा दहावा हिस्सा चर्चला जातो, तो वेगळा.

तळघरात गव्हाचे डबे आहेत, प्रत्येकावर मार्करने तारीख. अडीअडचणीसाठी धान्य साठवावं, ही चर्चची जुनी शिकवण. आमच्या कोकणातल्या आजोळची कणगी आठवली.

चहा मात्र कुणी विचारला नाही. मराठी माणसाला तिथेच थोडं चुकल्यासारखं होतं. १८३३ पासूनच्या शिकवणीप्रमाणे चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य. आम्हाला गरम चॉकलेट मिळालं, वर क्रीमचा डोंगर घालून.

थोरली मुलगी सॉल्ट लेकला राहते. चर्चला जाणं तिने सोडलंय. घरी येते तेव्हा कॉफीचा कागदी कप गाडीतच ठेवून येते. त्याबद्दल कुणी काही बोलत नाही. एकदा परतताना आई तिला सोडायला गाडीपर्यंत गेली, कप तिला दिसला, आणि तिने नुसतं विचारलं, गार नाही का झाली? फ्रीजच्या दारावर ही बातमी नाही.

(दृश्य: लॅपटॉपचा पडदा. फोन वाजतो.)

पूर्वी मिशन कुठल्या देशात, हे सांगणारं मोठं पांढरं पाकीट टपालाने यायचं. सगळं घर गोळा होईपर्यंत ते फोडायचं नाही. २०१८ च्या अखेरीपासून ते पत्र ऑनलाइन येऊ लागलं. यांनीही घर गोळा केलंच. फोडायला पाकीट नव्हतं, म्हणून सगळे एका फोनवर वाकले.

बाबा ९० च्या दशकात मिशनवर होते. दोन वर्षं घरापासून दूर, आणि फोन वर्षातून दोनच: नाताळला आणि मातृदिनाला. बाकी पत्रं. आजींनी ती पत्रं बुटांच्या खोक्यात ठेवलीत, पाकिटांसकट. २०१९ च्या फेब्रुवारीत नियम बदलला आणि मिशनवरच्या मुलांना दर आठवड्याला घरी बोलायची मुभा मिळाली. नातू आता सोमवारी, कपडे धुवायच्या आणि बाजारहाटाच्या सुट्टीच्या दिवशी, व्हिडिओवर दिसतो. आजी त्याला पाहतात, खूशही होतात. पण फोन संपला की हातात काही उरत नाही, ही त्यांची तक्रार. खोकं अजून त्यांच्या पलंगाखाली आहे.

(दृश्य: चर्चमधला बाप्तिस्म्याचा हौद. पांढऱ्या कपड्यांतली धाकटी.)

इथे बाप्तिस्मा बाळपणी देत नाहीत. आठ वर्षं पूर्ण झाली की मग. धाकटीला गेल्याच आठवड्यात आठवं संपलं. बाबा कमरेएवढ्या पाण्यात उभे, ती त्यांच्या मनगटाला घट्ट धरून. तिला पूर्ण बुडवायचं: केस, बोटं, फ्रॉकची कड, काहीही वर राहता कामा नये. हे पाहायला दोन साक्षीदार लागतात. २०१९ च्या ऑक्टोबरपर्यंत ते पौरोहित्य मिळालेले पुरुषच असत. मग बायकांना आणि बाप्तिस्मा झालेल्या मुलांनाही परवानगी मिळाली.

म्हणून आज हौदाच्या एका बाजूला चौदा वर्षांची मधली बहीण आहे आणि दुसऱ्या बाजूला आजी. आजींनी मुलांचे, नातवंडांचे बाप्तिस्मे आजवर मागच्या खुर्चीतून पाहिले. आज त्यांनी चष्मा दोनदा पुसलाय. थोरलीही आलीय, दाराजवळच्या खुर्चीत बसलीय.

बाबा प्रार्थना म्हणतात. धाकटी नाक दाबते. पाणी तिच्यावरून मिटतं, ती वर येते, सगळे हसतात, आणि बाबा साक्षीदारांकडे बघतात. मधली मान हलवणार, इतक्यात आजींचं बोट वर जातं.

वेणी. वेणीचं टोक तरंगत होतं.

बाबांनी पुन्हा पहिल्यापासून प्रार्थना म्हटली. धाकटी दुसऱ्यांदा पाण्याखाली गेली, यावेळी वेणीसकट. मागे थोरली खुर्चीवरून अर्धी उठून बघत होती.

नंतर घरी चीज घातलेले बटाटे, वर कुस्करलेले कॉर्नफ्लेक्स. या पदार्थाला इकडे 'अंत्यविधीचे बटाटे' म्हणतात. नाव मयताचं, पण मंगलकार्यालाही चालतात.

सोमवारी ब्राझीलहून फोन आला. त्याला पहिला प्रश्न विचारायचा होता धाकटीला: कितीदा बुडवलं?

तिने दोन बोटं दाखवली. मग कॅमेरा आजींकडे वळवला.