कॅन्सरच्या उपचारासोबत मेलाटोनिन चालतं का? | रात्री तीनला घेऊ नका!

नमस्कार मंडळी. झोपेवरचा व्हिडिओ टाकला तेव्हापासून खाली एकच रांग लागली आहे. "ताई, आईची केमो चालू आहे, मेलाटोनिन दिलं तर चालेल?" "बाबांचं रेडिएशन चालू आहे, भावाने दुबईहून बाटली पाठवलीय, दहा मिलिग्रॅमची गोळी आहे, अर्धी करून देऊ?" आणि एका दादाने तर निकालच लावलाय: "मेलाटोनिनने कॅन्सर बरा होतो, स्वस्त आहे म्हणून डॉक्टर लपवतात." दादा, तुमच्याकडे येतेच.

आधी एक सांगते. मी फार्मासिस्ट आहे, कॅन्सरची डॉक्टर नाही. गोव्यात फोंड्याला औषधांच्या काउंटरवर १४ वर्षं उभी आहे, त्या अनुभवावर बोलतेय.

मेलाटोनिन म्हणजे काय, हे भराभर उरकते, कारण ते तुम्हाला कुठेही मिळेल. मेंदूत पिनिअल नावाची ग्रंथी आहे, उकड्या तांदळाच्या दाण्याएवढी. अंधार पडला की ती हा हार्मोन सोडते, उजेड झाला की थांबते. १९५८ साली अमेरिकेत येल विद्यापीठातल्या एरन लर्नर यांनी तो गुरांच्या ग्रंथींमधून वेगळा काढला. गंमत म्हणजे ते त्वचेचे डॉक्टर होते, झोपेचे नव्हे. या पदार्थाने बेडकाची कातडी फिकट होते, म्हणून ते त्याच्या मागे लागले होते. झालं. पुढे.

आता लपवालपवीवाले दादा. कॅन्सरमध्ये मेलाटोनिन हे खूळ व्हॉट्सअ‍ॅपवर जन्मलेलं नाही. इटलीत मिलानजवळ मॉन्झा म्हणून शहर आहे, तिथे पाओलो लिसोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात पेशंटना केमोसोबत रात्री २० मिलिग्रॅम द्यायला सुरुवात केली. निकाल छान आले. २००५ साली अशा १० चाचण्या, ६४३ पेशंट, एकत्र करून हिशेब मांडला, तर वर्षभरात मरण पावण्याचा धोका साधारण एक तृतीयांशाने कमी दिसला. ऐकायला मोठं वाटतं ना? पण मेख अशी, की सगळ्या चाचण्या एकाच रुग्णालयांच्या साखळीतल्या, आणि कोणाला गोळी मिळतेय हे पेशंटलाही ठाऊक, डॉक्टरांनाही ठाऊक.

मग काय झालं? तो हिशेब मांडणाऱ्यांपैकीच एक, कॅनडाचे डुगल्ड सीली, यांनी नीट चाचणी केली. फुप्फुसाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेले ७०९ पेशंट. निम्म्यांना रोज रात्री २० मिलिग्रॅम, वर्षभर. निम्म्यांना तशीच दिसणारी, पण आत काहीच नसलेली गोळी. कोण काय घेतंय ते कोणालाच माहीत नाही. २०२१ला निकाल छापला: दोन वर्षांत कॅन्सर परत न येण्याच्या बाबतीत दोन्ही गट सारखेच. फरक नाही. म्हणजे दादा, स्वस्त गोळीवर वर्षानुवर्षं खपून कोणीतरी तपासलं, आणि जे निघालं ते छापलंसुद्धा. याला लपवणं म्हणत नाहीत.

भूक वाढावी म्हणून २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, बिनऔषधाच्या गोळीपेक्षा जास्त उपयोग नाही. थकव्यासाठी पाहिलं, तेच. झोपेसाठी मात्र चित्र बरं आहे. बोस्टनकडे ९५ बायकांवर चाचणी झाली, स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपलेल्या. ३ मिलिग्रॅम, चार महिने. झोप सुधारली. आकडा परत ऐका: तीन. वीस नाही, दहा नाही. रक्तातली पातळी रात्रीच्या नेहमीच्या पातळीपर्यंत न्यायला तर अर्ध्या मिलिग्रॅमहून कमी पुरतं.

आता खरं दुखणं. वेळ. यावर मी आज तुम्हाला पकवणार आहे.

माझ्या सासूबाईंची गोष्ट. स्तनाचा कॅन्सर, केमो चालू. त्यांच्या गोळ्या बिस्किटांच्या निळ्या पत्र्याच्या डब्यात असतात, खाली रबर लावलेली जुनी प्रिस्क्रिप्शनं, वर कापलेल्या स्ट्रिपा. अमेरिकेतल्या पुतण्याने मेलाटोनिनची बाटली पाठवली, ती त्याच डब्यात गेली. मला पत्ता नाही. रात्री तीनला जाग आली की आई एक घ्यायच्या, अर्ध्या तासात डोळा नाही लागला की अजून एक. सकाळी अकरापर्यंत उठायच्या नाहीत, पेज निवून घट्ट व्हायची. आम्ही म्हणायचो, केमोचा थकवा. मग एके पहाटे न्हाणीच्या उंबऱ्यावर तोल गेला. भिंत धरली म्हणून वाचल्या. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी असताना पडणं म्हणजे काय, ते घरात कॅन्सर पाहिलेल्यांना सांगायला नको. घरात फार्मासिस्ट सून, आणि नऊ दिवस तिला डब्यात काय आहे ते माहीत नाही! लाज वाटते सांगायला, पण सांगते.

तीनला का नाही? कारण ही गुंगीची गोळी नव्हे, शरीराच्या घड्याळाला दिलेली सूचना आहे. थिवीच्या प्लॅटफॉर्मवर कोकणकन्येची घोषणा होते ना, तशी. घोषणा ऐकून तुम्ही पिशव्या उचलता. गाडी निघून गेल्यावर घोषणा केली तर पिशव्या घेऊन जाणार कुठे? म्हणून झोपायच्या तास-दोन तास आधी, रोज त्याच वेळी. पहाटे घेतलीत तर शरीर समजतं आता रात्र सुरू झाली, आणि दुसऱ्या दिवशी झोप आणखी उशिरा येते. मग तुम्ही म्हणता, डोस कमी पडतोय, वाढवा.

दुसरं, गोळी घेतली आणि हातात मोबाइल. अहो, उजेडाने हा हार्मोन थांबतो, ते आत्ताच सांगितलं ना! एकीकडे शरीराला म्हणायचं रात्र झाली, दुसरीकडे डोळ्यांत ट्यूबलाइट मारायची.

तिसरं, "अर्धी करून देऊ का" वाल्या ताई. हळूहळू सुटणारी गोळी असेल तर अर्धी केली, चावली, कुटून दुधात घातली की तिचं हळूहळू सुटणं संपलं. संध्याकाळी घोषणा, मध्यरात्री शांतता. बाटलीवर काय लिहिलंय ते आधी वाचा.

मांडवीतल्या कॅसिनोवर रात्रपाळी करणाऱ्या एका भावाने विचारलंय, मी पहाटे सहाला घरी येतो, आईसोबत मीही घेऊ का? तुमचं घड्याळच उलटं, त्यामुळे आईची वेळ तुम्हाला लागू नाही आणि तुमची आईला नाही. रात्रपाळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००७ साली 'बहुधा कॅन्सरकारक' या गटात घातलं, २०१९ला तेच कायम ठेवलं, हे खरं. पण म्हणून मेलाटोनिन हा त्यावरचा उतारा, असा अर्थ निघत नाही.

आणखी एक कमेंट: "काजूच्या बोंडूत मेलाटोनिन असतं का?" तुम्हाला हुर्राकासाठी, म्हणजे बोंडूच्या दारूसाठी, निमित्त हवंय, दुसरं काही नाही. त्याने येते ती झोप मध्यरात्री तुटते.

सासूबाईंकडे परत येते, कारण त्यांना झोप न येण्याचं खरं कारण निराळंच निघालं. केमोसोबत उलटी होऊ नये म्हणून डेक्सा देतात, डेक्सामेथासोन, स्टेरॉइड. त्या ते सकाळी आणि रात्री जेवणानंतर घ्यायच्या. डेक्सा रात्री घेतलं की डोळे टक्क उघडे! डॉक्टरांना विचारलं, त्यांनी दुसरी गोळी दुपारच्या जेवणानंतर घ्यायला सांगितली. तीन-चार रात्रींत फरक पडला. तुम्ही मात्र आपल्या मनाने डेक्साची वेळ हलवू नका, काही केमोंमध्ये ती ठरवून दिलेली असते. विचारा.

आणि विचारायला जाताना बाटली घेऊन जा. "झोपेची कसलीतरी नॅचरल गोळी" असं सांगू नका. विषारी आळंबीही नॅचरलच असते. रक्त पातळ करायचं वॉरफरिन चालू असेल, नैराश्यासाठी फ्लुवोक्सामिन असेल, वेदनेसाठी मॉर्फिन असेल, इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध कामाला लावणारे उपचार, चालू असेल, तर डॉक्टरांना हे कळायलाच हवं. फ्लुवोक्सामिनने मेलाटोनिनची पातळी कितीतरी पटींनी चढते, मॉर्फिनसोबत गुंगी वाढते. शिवाय लेबलवर भरवसा किती? २०२३ साली अमेरिकेत मेलाटोनिनच्या २५ प्रकारच्या गमी, म्हणजे चघळायच्या गोड गोळ्या, तपासल्या, त्यातल्या २२ वर छापलेला आकडा चुकीचा निघाला. एकीत तर मेलाटोनिन नव्हतंच. दुबईची बाटली म्हणून भारी, असं काही नसतं.

आमची अमेरिकेची बाटली आता माझ्या कपाटात आहे, झाकणावर सासूबाईंनीच चिकटपट्टी लावून लिहिलंय: "सुनेला विचारून." पोदेराचा हॉर्न वाजला, मी पाव घ्यायला जाते. डेक्सावर वेगळा व्हिडिओ हवा असेल तर खाली लिहा, पण कुठली केमो चालू आहे ते लिहू नका, ते तुमच्या डॉक्टरांना सांगा.